अहत वस्त्र आणि बाळाचे दुपटे

देवकार्याला योग्य अशा वस्त्राला धर्मशास्त्रात 'अहत' म्हटले आहे, आणि त्याचे लक्षण स्मृतिकारांनी मोठ्या काटेकोरपणे सांगून ठेवले आहे: ते नवे असावे, शुभ्र असावे, किंचितच धुतलेले असावे, त्याच्या दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, शाबूत असाव्यात आणि, सर्वांत महत्त्वाचे, ते कोणीही अंगाला लावलेले नसावे. शिवलेले, फाटलेले, जळलेले, परक्याने नेसलेले वस्त्र कर्माला वर्ज्य होय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर स्नातकाला बजावून सांगितले आहे की, दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे, वस्त्रे, जानवे, अलंकार, माळ आणि कमंडलू यांपैकी काहीही त्याने धारण करू नये.

याच धर्मशास्त्राच्या छत्राखाली शतकानुशतके नांदलेल्या मराठी घरात मूल जन्माला यावयाचे असते, तेव्हा त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया काय करतात ते पाहावे. नव्या कापडाची तजवीज करण्याऐवजी त्या ट्रंक उघडतात, तळाशी गेलेले, धुऊन धुऊन रंग उडालेले एखादे सुती लुगडे बाहेर काढतात, त्याचे तुकडे करतात, ते एकावर एक रचतात आणि त्यांचे दुपटे शिवतात. म्हणजे वापरलेले, फाटलेले आणि शिवलेले, असे वर्ज्य वस्त्राचे तीन दोष ज्यात एकवटले आहेत अशाच वस्त्रात, ज्याला आपण देवाघरचे फूल म्हणतो ते मूल प्रथम गुंडाळले जाते. देवाला जे चालत नाही तेच बाळाला का हवे असते, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. एकाच घराच्या देवघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत शुद्धतेविषयी दोन भिन्न मते शेजारी शेजारी वावरत आली आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या मताची कैफियत कोणी शब्दांत मांडून ठेवलेली नाही, कारण ते मत बाळगणाऱ्यांच्या हाती लेखणीऐवजी सुई होती.

या प्रश्नाची सोपी उत्तरे आहेत, आणि ती खोटी नाहीत. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते. जुने सुती कापड शेकडो धुण्यांनी मऊ पडते, घाम आणि ओल चटकन टिपते आणि नवजात कातडीला खुपत नाही. दुसरे असे की, बहुतेक घरांत नव्या कापडाला पैसा नव्हता आणि जुने पुरते वापरून घेतल्याशिवाय टाकून देण्याची चैन परवडत नव्हती. तिसरे उत्तर धर्मशास्त्राकडूनच मिळते: प्रसूतीनंतर दहा दिवस सोहेर, त्या दिवसांत जे जे अंगाखाली येईल ते अशुद्ध होणार, मग चांगले कापड कशाला खराब करा? हे तिसरे उत्तर मात्र मला पटत नाही. तसे असते, तर सोहेर फिटताच ती दुपटी टाकून द्यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, घडी घालून ठेवली जातात, धाकट्या भावंडाला मिळतात, मग चुलतघरी जातात आणि पार झिरझिरीत होईपर्यंत पाळण्यापाळण्यांतून फिरत राहतात. शिवाय टाकूनच द्यावयाच्या वस्तूवर इतके टाके कोण घालील?

ते टाके कसे पडतात हे मी अगदी जवळून पाहिले आहे. माझी एक मावशी, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरीच राहिलेली, आमच्या घराण्यातील जवळजवळ प्रत्येक मुलाचे दुपटे शिवीत असे. लुगडे हाती आले की आधी ती ते खिडकीशी धरून उजेडात पाही. कारण नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही, कासोट्याच्या आणि बसण्याच्या जागी ते आधी विरते, आणि निऱ्यांच्या आतला भाग पुष्कळ वर्षे टिकून राहतो. विरलेला भाग पोटात, धड भाग पाठीपोटाला, ही तिची वाटणी. कात्री ती फक्त सुरुवातीच्या कापापुरती वापरी; पुढे कापड हातानेच फाडी, कारण जुने सूत धाग्याच्या रेषेत सरळ फाटते आणि तुकडा तिरका जात नाही. काठ जरीचा असेल तर तो आधी उसवून बाजूला काढी, कारण जर बाळाला टोचते. साधा सुती काठ असेल तर तोच कडेने गोट म्हणून लावी. मग सारवून वाळलेल्या जमिनीवर तीन-चार थर पसरून, तळहाताने सुरकुती न सुरकुती बाहेर सारून, चारी कोपऱ्यांवर वजने ठेवून मोठे कच्चे टाके घाली, आणि त्यानंतर कडेकडून आत, एकात एक चौकोन करीत, बोटाच्या पेराएवढ्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी चालू होत. या ओळी केवळ शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे थर सरकत नाहीत, विरलेल्या कापडाला धड कापड धरून ठेवते, आणि दोन ओळींच्या मध्ये जो किंचित फुगवटा येतो त्यात हवा राहून ऊब टिकते. दोरा संपला की ती गाठ मारी, पण ती गाठ कधीही वर राहू देत नसे. सुई दोन थरांमधून फिरवून गाठ पोटात ओढून घेई आणि मग त्या जागेवरून आपला गाल फिरवून पाही. हाताची बोटे कामाने राठ झालेली असतात, त्यांना बाळाच्या अंगाला काय खुपेल ते कळत नाही, असे ती म्हणे.

आता वस्त्राच्या शुद्धतेकडे पुन्हा वळू. अहत वस्त्राची शुद्धता ही स्पर्शाच्या अभावाची शुद्धता आहे. त्या वस्त्राच्या हातून अद्याप काहीच घडलेले नसते, म्हणून त्याच्यावर कसलाही डाग नसतो. ते केवळ संभाव्य आहे. संकल्प करताना असेच वस्त्र हवे हे मला मान्य आहे, कारण संकल्पही संभाव्यच असतो. पण गृह्यसूत्रांत विवाहाच्या वेळी वधूला नवे वस्त्र देताना जो मंत्र सांगितला आहे त्याचा आशय काय आहे? ज्या देवींनी हे सूत कातले, ज्यांनी ते विणले, त्या तुला वार्धक्यापर्यंत पोहोचवोत, तू हे वस्त्र परिधान करून दीर्घायुषी हो, असा तो आशीर्वाद आहे. वस्त्र देणाऱ्याला त्या क्षणी त्याचे अहतत्व अभिप्रेत असले, तरी इच्छा मात्र अशी आहे की ते अंगावर यावे, झिजावे, आणि झिजता झिजता नेसणारीही जख्ख म्हातारी व्हावी. म्हणजे जुने लुगडे हे अहत वस्त्राच्या विरुद्ध टोकाला उभे असलेले दूषित वस्त्र नव्हे. अहत वस्त्राला दिलेला आशीर्वाद जिथे फळाला आला ते हे वस्त्र होय. ज्या स्त्रीच्या लुगड्याचे दुपटे होते ती चूल, शेत, बाळंतपणे, दुखणी यांतून पार होऊन नातवंडापर्यंत पोहोचली आहे; लुगडे हा त्याचा लेखी नसला तरी स्पर्शाने वाचता येणारा दाखला आहे. देवाला आपण शब्द देतो, म्हणून कोरे वस्त्र वाहतो. बाळाला पाळलेल्या शब्दाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून त्याला जुने लागते.

गीतेने जीर्ण वस्त्राला मोठे तत्त्वज्ञानात्मक स्थान दिले हे खरे, परंतु ते टाकण्याच्या संदर्भात. दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात देही जुनी शरीरे टाकून नवी घेतो, मनुष्य जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा, असा दृष्टांत आहे, आणि शोकाने ग्रासलेल्या अर्जुनाला त्या प्रसंगी याहून समर्पक दृष्टांत सांगता आला नसता. तथापि तो देहीच्या बाजूने सांगितलेला आहे. टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय होते याचा विचार करणे हे त्या श्लोकाचे प्रयोजन नव्हते. तो विचार आमच्या घरातील स्त्रियांनी केला. एकाचे टाकणे तेथेच संपत नाही, ते दुसऱ्याचे पांघरणे होते, हे सत्य त्यांना ग्रंथाच्या आधाराविना गवसले होते, आणि मृत्यूविषयीच्या कोणत्याही विचारात त्याची जागा आत्म्याच्या अमरत्वाच्या पंगतीला असली पाहिजे, असे माझे मत आहे.

जीर्ण वस्त्राला धर्मात सन्मान मिळाला तो एका वेगळ्या वाटेने. भगवान बुद्धांच्या संघात पांसुकूल चीवराची प्रथा होती; स्मशानात आणि उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून भिक्षू त्यांचे चीवर शिवीत. मगधातील बांध घातलेल्या भातखाचरांकडे पाहून तशाच आखणीचे चीवर शिवण्यास बुद्धांनी सांगितले आणि आनंदाने ते तसे शिवले, अशी कथा विनयपिटकातील महावग्गात आहे. आमच्याकडे नाथपंथी जोग्याची कंथा, सूफी फकिराची ठिगळांची कफनी आणि अगदी परवापरवापर्यंत गाडगेबाबांच्या अंगावर असलेले चिंध्यांचे वस्त्र, ज्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत, ही सारी त्याच वाटेवरची. संन्यासी आणि तान्हे मूल या दोघांनाच समाजाने ठिगळांचे वस्त्र मानाने दिले, हा योगायोग नसावा. गौतमधर्मसूत्राने उपनयनापूर्वी मुलाला आचरण, भाषण आणि भक्षण यांत पूर्ण मुभा दिली आहे, आणि संन्याशानेही शिखा-सूत्राबरोबर वर्णाश्रमाची बंधने मागे टाकलेली असतात. सोवळ्याओवळ्याच्या कायद्याची हद्द एका बाजूला जिथून सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला जिथे संपते, त्या दोन्ही नाक्यांवर गोधडी आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की भिक्षूची चिंधी जितकी बेवारस तितकी चांगली, कारण तिच्यात कोणाची आसक्ती उरलेली नसते. दुपट्याचा तुकडा मात्र कोणाचा हे ठाऊक असल्याशिवाय त्याला मोलच नाही. हे आजीचे, हे आत्याचे, हे आजोबांचे धोतर, असे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. भिक्षूला जगातून बाहेर पडावयाचे असते आणि मुलाला जगात यावयाचे असते. येणाऱ्याला वारसा लागतो आणि वडीलही लागतात.

अन्य देशांतही लोकांना हे उमगले होते. चीनमध्ये नव्या बाळासाठी शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून त्यांचे वस्त्र किंवा रजई शिवण्याची चाल होती, आणि जपानातही तशी चाल आढळते. शंभर घरांचे आयुष्य आणि सदिच्छा बाळाला लाभावी ही त्यामागील श्रद्धा. आपल्याकडे अपत्ये दगावलेल्या घरांत मुलाला मागून आणलेले जुने कपडे घालीत आणि त्याचे नाव भिकाजी, धोंडू, दगडू, केरबा असे ठेवीत, ते मृत्यूला चकविण्यासाठी. त्यातील भीती मला समजते. परंतु चिनी प्रथेत भीतीपेक्षा अधिक काही आहे. एका घरचे बळ पुरत नाही, मूल गावाने पांघरावे लागते, हा विचार त्यात आहे. जवळचे उदाहरण पाहावयाचे तर उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या बाजूंना सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, आणि त्यांतील पुष्कळजण पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून घाटावरच्या जंगलात आले. त्या समाजात हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, परंतु जुन्या कपड्यांची गोधडी तिन्हींच्या स्त्रिया शिवतात, पाळण्यातल्या मुलांसाठी लहान आणि मोठ्यांसाठी मोठी. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे फूल लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानीत नाहीत. ज्यांना स्वतःच्या देहाचीही मालकी नाकारली गेली होती, त्यांच्या वंशात मुलाचे अंथरूण अपुरे राहू नये याची एवढी निष्ठा टिकली, ही गोष्ट मी धर्माच्याच सदरात मांडीन.

येथे एखादा तार्किक हरकत घेईल, आणि ती ऐकून घेणे आवश्यक आहे. तंतू आणि पट हे न्यायशास्त्राचे आवडते उदाहरण आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पटाचे समवायी कारण तंतू, असमवायी कारण तंतूंचा संयोग आणि निमित्त कारण माग इत्यादी, हे प्रत्येक विद्यार्थी घोकतो. याच शास्त्राप्रमाणे पटातून काही तंतू निघाले की मूळ महापट नष्ट होतो आणि खंडपट नावाचे दुसरेच द्रव्य उत्पन्न होते. मग आजीचे लुगडे फाडले त्याच क्षणी ते नाहीसे झाले; दुपटे हे सर्वस्वी नवे द्रव्य आहे, आणि 'हे आजीचे लुगडे' ही ओळख म्हणजे दिव्याच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या ज्योतीला 'तीच ही' म्हणण्यासारखा सादृश्याचा भ्रम होय. बौद्ध तार्किक तर याही पुढे जाऊन म्हणेल की, लुगडेही नव्हतेच आणि दुपटेही नाही, जसा नागसेनाने विचारल्यावर मिलिंद राजाला रथ दाखवून देता आला नाही तसे हेही दाखविता येणार नाही. द्रव्याच्या दृष्टीने मला या दोघांशी तक्रार करावयाची नाही. पण दुपट्याविषयी आजी जे म्हणते ते द्रव्याविषयीचे विधान नसून नात्याविषयीचे आहे, आणि नाते तुकडे पडल्याने नष्ट होत नाही, किंबहुना ते तुकडे पाडूनच दिले जाते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले आहे, आणि त्यांतील पितरांचे ऋण प्रजेने फिटते. दुपट्यात हा जमाखर्च उलट्या बाजूने मांडलेला दिसतो. मुलाने अद्याप काहीही फेडलेले नाही, पुढे फेडील याचीही हमी नाही, आणि तरीही पूर्वजांनी आपल्या अंगावरचे काढून त्याच्या खाली अंथरले आहे. कृपा या कल्पनेचे याहून स्पष्ट उदाहरण मला गृहस्थजीवनात सापडत नाही.

मात्र या सुंदर आचारात आम्ही एक क्रूर अपवाद केला होता, आणि त्याविषयी मौन बाळगणे मला शक्य नाही. ज्या मावशीने आमच्या घराण्याची दुपटी शिवली, तिच्या स्वतःच्या लुगड्याचा तुकडा त्यांपैकी एकाही दुपट्यात नव्हता. विधवेने पाळण्याच्या समारंभात पुढे येऊ नये, ओटी भरू नये, हे जसे सर्वत्र चालत होते, तसेच तिचे वस्त्र बाळाला लागू नये हेही आमच्याकडे पाळले जात होते. आणि ती स्वतःच ते सर्वांत कसोशीने पाळी, सवाष्णींची लुगडी तेवढी मागून घेई आणि आपले जीर्ण झालेले वस्त्र पोतेऱ्याला देई. तिचे हात चालत होते, डोळे चालत होते, तिने गाल फिरवून तपासलेली गाठ चालत होती. तिचे वस्त्र तेवढे चालत नव्हते. ज्या आचाराने सोवळ्याचा कायदा बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता, त्याच आचारात तो कायदा असा मागल्या दाराने शिरला. स्पर्शाच्या अभावाला शुद्धता म्हणण्याची एकदा सवय लागली की ती वस्त्रापाशी थांबत नाही, ती माणसांपर्यंत पोहोचते. विधवेपर्यंत पोहोचते, महाडच्या चवदार तळ्यापर्यंत पोहोचते, जिथे 1927 साली पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि मंत्रातील दीर्घायुष्याचाच निकष लावावयाचा, तर एकटीने, मानाच्या जागेवाचून, इतरांची मुले वाढवीत वार्धक्यापर्यंत पोहोचलेल्या स्त्रीच्या वस्त्राहून अधिक सिद्ध असे दुसरे कोणते वस्त्र घरात असणार होते?

आज परिस्थिती बदलली आहे. सुती लुगडी बहुतेक घरांत उरलेली नाहीत, साड्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या आहेत, त्या ओल टिपत नाहीत आणि बाळाला उकडते. म्हणून पुष्कळ मुली दुकानातून नवे मलमल आणून त्याची दुपटी शिवतात, रांगणाऱ्या मुलांसाठी रंगीत तुकड्यांच्या जाडसर बैठका करतात, काहीजणी त्यावर आपला चरितार्थही चालवितात. जुने कापड नाही म्हणून त्या दुपट्यात काही उणे आहे असे मी म्हणणार नाही. टाका घालणाऱ्या हाताचा स्पर्श त्यात आहेच, आणि नवे कापडही पहिल्या बाळाच्या वापराने दुसऱ्यासाठी जुने होते. एवढेच सांगावेसे वाटते की मायेने ज्ञानाचे ऐकावे. वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी जाड, सैल पांघरुणे आणि उशा ठेवू नयेत, त्याला उताणे निजवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते श्वास कोंडण्याच्या धोक्यामुळे; तेव्हा जाड गोधडी बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली, जमिनीवर अंथरण्यासाठी असावी. ज्या वस्तूचा सारा हेतू मुलाने जगावे हा आहे, ती वस्तू त्या हेतूच्या आड येता कामा नये.

ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. दुपट्यासाठी जुने कापड गोळा कराल तेव्हा ते सवाष्णीचे की विधवेचे, सख्ख्यांचे की परक्यांचे, आपल्या जातीचे की दुसऱ्या जातीचे, हे विचारू नका. कापड सुती आहे ना, स्वच्छ धुतलेले आहे ना, एवढेच पाहा. आणि घरात कोणी विधवा आजी, मावशी, आत्या असेल, तर तिच्याकडून केवळ शिवून घेऊ नका. तिचे लुगडे आधी मागा.